शुक्रीचं बोट

बाबा, तुमच्या हातांचं चुंबन घेऊन लिहायला बसले आहे.

इथे अलेक्झांड्रियात मी बरी आहे. आईच्या उन्हात फुगवलेल्या भाकऱ्या काल संपल्या. तिचा गुडघा कसा आहे?

कॉलेजात आम्ही सशांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल लागला. सगळ्यांच्या पायाची, बोटं वळवणारी शीर कापून आम्ही ती परत शिवली होती. ज्यांचे पाय प्लास्टरमध्ये आवळून ठेवले, त्यांची शीर मांसाला चिकटली. ज्यांचे रोज हळूच हलवले, त्यांची छान जुळली.

आपल्या धाकट्या शुक्रीच्या बोटाची अशीच शीर कापली, टाके पडले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "बांधून ठेवलेली शीर काम विसरते गं, इन्साफ. मी रोज थोडं हलवतो." मी ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "हाडवैद्यांनी आता कोंबड्यांचे पाय बसवावेत!" सगळे हसले. तुम्ही मालिशच्या तेलाची कुपी उपडी ठेवलीत, ती कायमची. सहा आठवडे मी कुणाला त्याचं प्लास्टर काढू दिलं नाही.

त्याची मूठ अजून वळत नाही ना?

त्याला घेऊन या. चिकटलेली शीर इथले डॉक्टर सोडवतील, पण नंतर बोट तुम्हीच हलवायचं. कुपी आणा.

आणि हे पत्र घरात वाचून घेऊ नका. ओट्यावर, सगळ्यांदेखत वाचायला लावा.

तुमची चुकलेली,
इन्साफ