छत्रीखालचा पत्ता

७ एप्रिल
आईचं इन्सुलिन पुन्हा घाटावर. ऑर्डरवर पत्ता घरचा: राजा घाटामागची गल्ली, तिसरा मजला. गंगेतून वर आले तर घाटावर छत्रीखाली बसणारे पंडितजी म्हणाले, "बहिनजी, आपका कुछ ठंडा आया था। अब तो गरम है।" बर्फाचं पाणी झालेलं. औषध वाया. शहराच्या दुसऱ्या टोकाहून नवं आणलं, अर्धा दिवस गेला.

८ एप्रिल
कारण कळलं. आंघोळीला उतरताना चष्मा, चपला, फोन पंडितजींकडे ठेवायचे, ही अख्ख्या गल्लीची रीत. औषधं मागवायचं ॲप म्हणे फोनवरून माणूस कुठे असतो ते शिकतं. ते शिकलं की सकाळी आम्ही सगळे छत्रीखाली राहतो.
हेल्पलाइन: "मैडम, सिस्टम आपकी सुविधा देखकर चलता है।" म्हटलं, माझी सुविधा तिसऱ्या मजल्यावर बसली आहे. वय चौऱ्याऐंशी.

१० एप्रिल
ॲपचा निरोप. गल्ली अरुंद, यापुढे सामान मोठ्या रस्त्यावरच्या पार्सलांच्या कपाटातून स्वतः येऊन घ्यावं. खाली 'सहमत' बटण. १४ पर्यंत दाबलं नाही तर थंड औषधं बंद.
१५ला माझं हर्नियाचं ऑपरेशन. मग महिनाभर जिना बंद. आई तर दोन वर्षांत उतरलेली नाही. आम्ही दोघी वर, कपाट खाली.
आई म्हणाली, "गल्लीतून बैल येतो. ह्यांना काय मोठी शिंगं आहेत?"

११ एप्रिल
पार्सलं आणणारी सुनीता भेटली. विचारलं, पत्ता वाचतेस, तरी घाटावर का? "फोन जिधर बोले उधर न जाऊँ तो रेटिंग कटती है, दीदी।" मग हळूच, "बटन मत दबाइए। बगल वाली गली ने दबा दिया, अब वहाँ कोई नहीं जाता।"
फोन घरी ठेवून आंघोळीला जाता येईल. पण मग गल्लीतल्या बाकीच्या घरांचं काय? आणि कपाट तर राहतंच.

१२ एप्रिल
ॲपच्या कंपनीला पत्र लिहिलं. एक पान, विशेषणं कापली. मागणी दोनच: लिहिलेला पत्ता फोनच्या जागेपेक्षा वरचा मानावा, सामान दारात यावं. सोबत गल्लीचा नकाशा, तोंडाशी असलेल्या शेंदरी गणपतीपासून. अकरा घरांनी सही केली, छत्रीखाली बसूनच. शेवटी पं.नी स्वतः लिहिलं: "यह छतरी किसी का घर नहीं है।"

१३ एप्रिल
उत्तर: आपका सुझाव महत्वपूर्ण है। बस.
नवी ऑर्डर टाकली. पत्ता तोच.

१४ एप्रिल
आज मुदत. बटण दाबलेलं नाही. आंघोळीला गेले, फोन नेहमीसारखा पं.कडे. छत्रीखाली आज काही आलं नव्हतं. म्हणजे दारात येणार, की येणारच नाही, कळेना.
घरी आले तर आईने खिडकीतून दोरीची टोपली खाली सोडलेली. म्हटलं, पार्सलाला अजून वेळ आहे, ओढून घे.
"राहू दे. गल्ली चालू आहे हे दिसायला हवं."