पागोट्यातली चिठ्ठी

माघ वद्य तृतीया. मुक्काम बेटमा, दिवेलागण.

देवास सोडून धारेला निघालो, त्याला आज तिसरा दिवस. हे पुढे गाडीवानाशी बोलत बसतात, मी मागे पडद्याआड. वाईहून लग्न होऊन आले त्याला दोन महिनेही झाले नाहीत. हा मुलूख परका, भाषा परकी, आणि हेसुद्धा.

दुपारी प्लेगच्या नाक्यावर गाडी अडवली. कुणाला ताप नाही ना ते बघून नाकेदार प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहीत होता. "बई को नाम कंई?" त्यानं ह्यांना विचारलं.

हे म्हणाले, "जानकी."

जानकी ह्यांची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. मी उमा.

ओरडून सांगावंसं वाटलं. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? ह्यांनी चिठ्ठी पागोट्यात खोचली नि गाडी निघाली. चुकून म्हणाले? की मनात तेच नाव असतं? मला हाक मारतात ती नुसती 'अगं'. ती तरी माझी आहे का?

इथे धर्मशाळेत उतरल्यावर ह्यांनी स्वतः पेरू कापून दिला, तिखटमीठ लावून. मला तिखट सोसत नाही. तिला आवडत असेल.

पागोटं समोर खुंटीवर आहे. ती चिठ्ठी काढून फाडावी. पण तिच्याशिवाय धारेत कुणी घेणार नाही. उद्या वेशीवर शिपाई ती वाचून नाव पुकारील, आणि ह्यांच्या देखत मला ओ द्यावी लागेल.