नातीचं औषध

चि. धाकट्यास थोरल्या ताईचे आशीर्वाद. तुला एक बहीण आहे हे तू विसरला असशील, म्हणून नातीला लिहायला बसवलं आहे.

तब्येत उत्तम आहे. जिना चढताना कंबर कुरकुरते, पण ती तुझ्यासारखीच, सवयीने. तुझे गुडघे काय म्हणतात?

माझ्या हाडांत शिरलेल्या या मायलोमा नावाच्या कॅन्सरवरच नातीने वीस वर्षं घालवली. तिच्या प्रयोगशाळेतलं नवं औषध कितीतरी म्हाताऱ्यांनी घेतलं. माझी पाळी आली तशी म्हणते, "आजी, तू नको. अजून खात्री नाही."

मी म्हटलं, "लोकांच्या आज्या चालतात, तुझीच तेवढी काचेची?"

ती रडली. हे लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं. काल मी संमतीचा अंगठा देऊन आले.

ती सांगते, हा कॅन्सर जात नाही, नुसता दबतो. मग दाबून बसू. लहानपणी तुला नव्हतं दाबून ठेवलं?

तेव्हा नातीकडून गावी परत ये, परत ये म्हणून निरोप धाडू नकोस. आधीच्या औषधांनी तोंडाची चव गेली आहे, तेवढं लिंबाचं लोणचं पाठव. मुरलेलं नको, आजच घातलेलं पाठव. ते मुरेपर्यंत मी थांबणार आहे.

तुझी ताई