अप्पांच्या बोटांत काच

वडवणी, जि. बीड
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय रुद्राणी,

सप्रेम नमस्कार. अप्पा आणि मी बरे आहोत, गोव्याचं पाणी तुला मानवत असेलच. दिवाळीचा फराळ पाठवणार होते, पण चकल्या अशा झाल्या की पोस्टमनच्या हाती द्यायचीही लाज वाटली. थंडी पडली आहे. अंटार्क्टिका बघून आलेल्या बाईला वडवणीची थंडी काय सांगायची!

तुझं पत्र येऊन वीस दिवस झाले. तिकडून आणलेल्या स्पंजांच्या बरण्या तशाच पडून आहेत, जाती ओळखणारं माणूस हवं, दोन डिसेंबरला हजर व्हायचं, हो की नाही ते कळव, असं तू लिहिलंस. आणि शेवटी, अप्पा या वेळीही नाहीच म्हणतील, तरी विचारून बघ. त्या ओळीपाशी मी अडकून बसले. तिचं सांगते, पण आधी पत्रासोबत तू पाठवलेल्या स्पंजाच्या तुकड्याचं काय झालं ते ऐक, आणि रागावू नकोस.

मी तो कपाटावर ठेवला होता. दुकानात पुड्या बांधताना बोट ओलं करायला अप्पांना स्पंज लागतो, आणि जुना झिजला होता. त्यांना वाटलं, पोरीने नवा आणून ठेवला. वाटीत भिजवून दिवसभर गिऱ्हाईक केलं. संध्याकाळी बोटं सुजली तेव्हा भिंग घेऊन काटे काढत बसले. मी म्हटलं, ही कुसळं नव्हेत, काच आहे, या प्राण्याचा सांगाडाच काचेचा असतो. प्राणी म्हटल्याबरोबर त्यांनी हात मागे घेतला. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस! मग वय विचारलं. नक्की सांगता येत नाही, गार पाण्यात फार हळू वाढतात, शंभरी तरी उलटली असेल, असं मी सांगितलं.

"मंग आपल्या थोरल्यांपरीस थोरला हाय," म्हणाले, आणि आपल्या लिंगायतांत माणसाला देतात तशी भस्म लावून त्याला परसात समाधी दिली. शेजारच्या छबुबाई कुंपणावरून विचारत होत्या, कोण गेलं म्हणून.

बोटांना हळद लावता लावता मी बोलत सुटले. हा जन्मभर एका जागी बसून पाणी गाळतो, अ‍ॅसिडात त्याचं मांस विरघळवलं की नुसत्या काचेच्या सुया उरतात, काही गळाच्या आकड्यांसारख्या, काही चांदण्यांसारख्या, आणि त्यांवरून जात ओळखतात. नववीच्या वर्गात मी अशी कधी बोलत नाही. अप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "येवढं येतंय तर तू तवा रुद्राणीसंगं कावून गेली न्हाईस?"

रुद्राणी, सहा वर्षांपूर्वी अप्पांनी नाही म्हटलंच नव्हतं. मी त्यांना विचारलं नव्हतं. आपल्या दोघींना गोव्याहून नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा आईला जाऊन दोन महिने झाले होते. लिंगपूजा झाल्यावर अप्पा घरच्या हातचंच जेवतात, बाहेर पाणीसुद्धा घेत नाहीत. मी गेले तर ते उपाशी राहतील, हे मी माझ्या मनानेच ठरवलं. कागद फाडला आणि तुला लिहिलं, अप्पा पाठवत नाहीत. तू त्यांच्यावर चिडलीस, घरी यायची बंद झालीस. मी चिडू दिलं. कुणीतरी माझ्या बाजूने भांडतंय, याचं मला बरं वाटायचं. दर श्रावणात ते विचारतात, रुद्राणी येत नाही का, आणि मी म्हणते, तिला काम असतं.

तुझी पत्रं मी शाळेत मोकळ्या तासाला वाचते. बर्फाला भोक पाडून जाळी सोडली, पिवळट गोळा वर आला, तू त्याला हात लावलास, हे वाचताना माझे हात मांडीवर रिकामे पडलेले असतात. मला तिथे असायचं होतं. अजूनही आहे. तुझा हेवा केला आणि तुझी आठवणही काढली, दोन्ही एकाच वेळी.

हे सगळं मी अप्पांना सांगितलं. त्यांनी हळद लावलेली बोटं एकदा उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "मी उपाशी मरीन, हे तूच ठरीवलंस. मला इचारलं असतंस तर भाकरी शिकलो असतो. घरचा हात म्हंजी माझा बी हात हाय की."

चार दिवसांनी सूज उतरली आणि ते सकाळी परातीपुढे बसले. पहिली भाकरी तव्याला चिकटली, दुसरीचे दोन तुकडे झाले. तिसरी माझ्या ताटात टाकली आणि खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिले. मधे कच्ची होती. मी सगळी खाल्ली, आणि आई गेली तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले.

शाळेत राजीनामा दिला आहे. दोन तारखेला येते. मधल्या वीस दिवसांत जागा दुसऱ्या कुणाला दिली असशील तर ते बरोबरच आहे, गप्प मी राहिले होते. तरी येईन, बरण्या बघेन आणि परत फिरेन.

पण त्याआधी एक पत्र अप्पांच्या नावाने टाक, दोन ओळींचं का होईना. त्यांना काय लिहायचं ते तुला कळेल. सहा वर्षांचा राग चुकीच्या माणसावर काढत होतीस, तो आता माझ्यावर काढ. मी समोर उभी राहून ऐकेन.

तुझी खोटारडी, तरी तुझीच,
शिवकन्या