गोधडीवरचा फासा

गुरुवार, संध्याकाळ

चौथीच्या वर्गाचा ब्लॉग मी सुरू केला तो मुलांनी आपल्या मनाने लिहावं म्हणून. 'माझा रविवार' या विषयावर रूपालीने लिहिलं होतं की बाबा नाइट शिफ्ट करून दिवसा झोपतात, तेव्हा ती आणि भाऊ लुडोचा फासा गोधडीवर टाकतात, आवाज होऊ नये म्हणून. सगळे पालक वाचणार, कसं दिसेल? मी ते खोडून बाबांसोबत बागेत गेल्याचं लिहिलं. सुधारणा, म्हणे.

आज सकाळी तिचे बाबा प्लांटमधून थेट शाळेच्या फाटकाशी आले, हातात मोबाइल. "मॅडम, मी कधी नेलं हिले बागेत?" मग माझ्या शेजारी उभ्या रूपालीकडे वळून, "बापाले टोमणा मारून राहिली काय वं?"

माझं नाव तिने घेतलं नाही. आणि मी? "मुलं कल्पनेने लिहितात," म्हणाले. एवढी वर्षं पोरांना खरं बोला म्हणून दटावणारी मी.

आता तिचा मजकूर परत टाकला आहे, गोधडी आणि फाशासकट. बदल मी केला होता, हेही खाली लिहिलं. उद्या तिच्या बाबांनाही सांगायचं आहे, समोर उभं राहून.

पण दुपारचं काय करू? नवा विषय दिला होता, 'माझं घर'. रूपालीने कोरा कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. रागाने नाही, अगदी सरळ म्हणाली, "मॅडम, तुमीच लिहून द्या."