होतं, म्हणून गेलं

४ जून

चि. मोजपट्टीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू 'हं' आणि 'बघते' याखेरीज काही बोलत नाहीस, आणि या विषयावर मला दोन शब्दांत उत्तर नको आहे, म्हणून कागद घेतला.

मी बरी आहे. चाळीस वर्षं वॉर्डात उभी राहिले त्याची आठवण गुडघे रोज सकाळी करून देतात. तुझ्या पप्पांना डॉक्टरांनी जिना बंद केला आहे, म्हणून आता मीच खाली त्याच्या खोलीत जाते, आणि आपली चहाची किटली मी ढवळते याचा त्याला राग येतो. म्हणजे तब्येत ठीक आहे.

आता मुद्दा. आमच्या चर्चच्या नव्या पाळकांनी सलग तीन रविवार एकच विषय लावून धरला. विश्वासणाऱ्याचं तारण जाऊ शकतं, असं ते म्हणतात. मिळालं म्हणून गाफील राहिलात तर हातातून निसटेल. तुझ्या आजोबांनी आम्हा भावंडांना याच्या नेमकं उलट शिकवलं होतं. देवाने धरलेला हात देव सोडत नाही, आपण हिसडा दिला तरी नाही. त्यावर मी एकाहत्तर वर्षं काढली. तिसऱ्या रविवारी मी पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पाळकांना वाटलं मला पंख्याचा त्रास होतो.

प्रवचन ऐकून घेतलं असतं. पण आता मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी, ठराव केला आहे की प्रत्येक सभासदाने तीस जूनच्या आत विश्वासाच्या कबुलीपत्रावर सही करून द्यावी. सही नाही त्याचं नाव सभासदपटावरून कमी. आणि नाव गेलं की कबरस्तानात राखून ठेवलेली जागाही जाते. तुझ्या आईच्या शेजारची जागा पप्पांच्या नावे आहे, हे तुला सांगायला नको.

तुझी आई गेल्यापासून सहा वर्षं तो उपासनेला येत नाही. आपला विश्वास उरलेला नाही, हे तो विचारणाऱ्याला सरळ सांगतो, न विचारणाऱ्यालाही सांगतो. कबुलीपत्र त्याने वाचलं, त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि सही न करता माझ्याकडे परत दिलं. तू लिही त्याला. तुझं तो ऐकतो, निदान तुझ्यावर ओरडत नाही.

लग्नाबद्दल या पत्रात काही विचारत नाही, याची नोंद घ्यावी.
लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी आत्या


१० जून

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि. पत्र मिळालं. लग्नाबद्दल न विचारल्याची नोंद घेतली.

मी कारखान्यांतले बॉयलर तपासते. तपासणीनंतर जो दाखला देते, त्याचा अर्थ एवढाच असतो की अमुक तारखेला, अमुक दाबाला, माझ्या डोळ्यांदेखत हे भांडं फुटलं नाही. उद्याचं मी काही म्हणत नाही. मालकांना वाटतं दाखल्यामुळे बॉयलर सुरक्षित होतो. तुमच्या वडीलमंडळींचाही तसाच समज दिसतो.

तुझं म्हणणं खरं असेल, तर पप्पांचं तारण कुठेही गेलेलं नाही आणि कागदाची गरज नाही. पाळकांचं खरं असेल, तर ते गेलेलं आहे आणि कागदाने परत येणार नाही. दोन्हीकडून कागदाचं वजन शून्य. उरते ती जागा. ती मात्र खरी आहे, सात फूट बाय तीन फूट, आणि तिच्या एका बाजूला आई आहे.

म्हणून मी पप्पांना देवाबद्दल काही लिहिलेलं नाही. फक्त जागेबद्दल विचारलं आहे. माझं स्वतःचं कबुलीपत्र आलं त्याच दिवशी सही करून टपालात टाकलं, त्याची काळजी नको.

किटली ढवळू नकोस. तळाचा चुरा वर येतो, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.
कळावे, लोभ असावा.
तुझी मोजपट्टी


१७ जून

चि. लेकीस,
आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. एका ओळीचं. आईशेजारची जागा हवी आहे का, असं विचारलंस. हवी आहे. मेल्यावर मला काही कळणार नाही, असं मी समजतो, तरी हवी आहे. यात विसंगती आहे असं लिहू नकोस, मला दिसते.

सही मात्र करणार नाही. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर होतो. जो व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला नाही, तो बंद आहे असं कधी लिहून दिलं नाही. आता म्हातारपणी कशाला सुरुवात करू.

परवा कंपाउंडर आला होता. तोच, जो मंडळीत वडील आहे आणि तुला लहानपणी कडू औषध द्यायचा. तो तुझ्या आत्याच्या पक्षाचा, तारण जात नाही म्हणणारा. मी म्हटलं, मग माझं गेलेलं नाही, तुम्ही निवांत घरी जा. तर तो अतिशय मायेने म्हणाला की जे जात नाही ते तुमच्यापाशी दिसत नाही, याचा अर्थ ते तुमच्यापाशी कधी नव्हतंच. तुम्हाला विश्वास ठेवल्याचा भास झाला होता. आत्या शेजारी बसली होती.  त्याचं म्हणणं तिच्याच मतातून निघत होतं, म्हणून तिला ते खोडता येईना, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

हे मला लागलं. तुझी आई आणि मी तुझ्या पाळण्याशेजारी गुडघ्यावर बसून जे मागितलं, तो भास नव्हता. ती आजारी असताना तिच्या उशाशी जे म्हणालो तेही नव्हतं. माझ्याकडे होतं. होतं, म्हणून गेलं. कंगाल झालेल्या माणसाला तू कधी श्रीमंत नव्हतासच, असं सांगण्यात कसली दया आली.

गंमत अशी की नवा पाळक दुसऱ्या दिवशी आला आणि मला आवडला. तो म्हणाला, तुमचं होतं आणि तुम्ही गमावलंत, मला त्याचं फार वाईट वाटतं. सहा वर्षांत माझ्याशी नीट बोललेला हा पहिला माणूस. त्याने मला सरळ नरकात घातलं, पण आधीची चाळीस वर्षं माझ्या पदरात ठेवली. त्याला चहा दिला. व्यासपीठाखालचा बाप्तिस्म्याचा हौद गळतो आहे, तो दुरुस्त करून देतो म्हणालो. सहा जण बाप्तिस्म्यासाठी थांबले आहेत आणि त्या हौदाच्या जोडण्या माझ्याशिवाय कोणाला माहीत नाहीत.

जेवणाच्या वेळा पाळत जा.
तुझा पप्पा


२ जुलै

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

पप्पांची सही मी केली. आजोबांनी आम्हाला एकाच पाटीवर लिहायला शिकवलं, त्याचं आणि माझं अक्षर वेगळं काढता येत नाही. सव्वीस तारखेला त्याचं माझ्यापाशी पडलेलं पत्र मी घेतलं, माझ्या टेबलाशी बसून सही केली आणि माझ्या पत्रासोबत कार्यालयात दिलं.  इंजेक्शन देताना हात जसा स्थिर असे, तसाच होता.

मला वाटलं होतं, कागद कपाटात जाईल आणि संपेल. पण रविवारी पाळकांनी उपासनेत उभं राहून सांगितलं की एक हरवलेला बंधू परत आला आहे, आणि त्याचं नाव घेतलं. लोकांनी देवाचे आभार मानले. कंपाउंडरने डोळे पुसले. त्या वेळी तुझे पप्पा पाळकांच्या पायाखालीच होते. दुपारी बाप्तिस्मे होते, म्हणून तो सकाळपासून मागच्या दाराने व्यासपीठाखाली शिरून हौद भरत बसला होता. फळ्यांमधून त्याला सगळं ऐकू गेलं. उपासना संपल्यावर तो ओल्या बाह्यांनी बाहेर आला, तर लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. ओल्या बाह्या बघून एका बाईंना वाटलं याचा पुन्हा बाप्तिस्मा झाला.

त्याने एकेकाच्या मिठीतून स्वतःला सोडवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घरी गेला. आज चार दिवस झाले. मी खाली गेले की तो वर्तमानपत्र उघडतो. किटली मी ढवळली तरी काही म्हणत नाही.

आता खरं ते लिहिते. त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर माझ्यापर्यंत आली आणि मी ती पुढे सरकवली. घेववेना. देवाच्या घरात, देवाच्या नावाने लिहिलेल्या कागदावर मी खोटी सही केली, तीही समजून उमजून, आणि मला पश्चात्ताप होतो का हे तपासलं तर नीटसा होत नाही. जागा राहिली याचा आनंदच होतो. मग माझं काय. तारण जात नाही असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, मरणाऱ्या पेशंटनासुद्धा सांगितलं, आणि आता स्वतःचं दोन्ही हातांनी आवळून बसले आहे. तू हुशार आहेस. जातं की नाही जात, ते सांग.

लोभ राहू दे, आत्ता तो फार हवा आहे.
तुझी आत्या


७ जुलै

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि. पत्र फाडलं.

जातं की नाही जात, हे मी सांगणार नाही. जे मोजण्याचं साधन माझ्याकडे नाही, त्याचा आकडा मी देत नाही. तू विचारलंस म्हणून अंदाज लिहिला, तर तू तो उशाशी ठेवशील, आणि तो माझा असेल, देवाचा नाही.

एक गोष्ट मात्र मला माहीत आहे. तू एक खोटी सही केलीस असं तुला वाटतं. कपाटात दोन आहेत. दुसरी माझी. हात माझा, अक्षर माझं, पण वर जे छापलं होतं ते मी चार-पाच वर्षांपासून मानत नाही. पप्पांनी सांगितलं आणि मी सांगितलं नाही, एवढाच आमच्यात फरक. मी रविवारी काय करते असं तू विचारायचीस तेव्हा काम असतं म्हणायचे. काम असायचं, पण दुपारी.

तुझ्या सहीने पप्पांना जागा मिळाली. माझ्या सहीने फक्त तुझे प्रश्न टळले. दोन्हींत जास्त वाईट कोणती हे मला कळतं. म्हणून आज पाळकांना पत्र लिहून माझी सही मागे घेतली आहे आणि नाव कमी करावं असं कळवलं आहे. हे तुला इतर कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

तुझ्या सहीबद्दल मी त्यांना काही लिहिलेलं नाही. ते तुझं आहे. तू खाली जा आणि आधी पप्पांशी बोल. वर्तमानपत्र उलटं धरलं असेल तर ते ऐकत असतात.

रागावलीस तर लिही. न लिहून रागावू नकोस.
तुझी मोजपट्टी


१६ जुलै

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद. रागावले होते. दोन दिवस. मग लक्षात आलं की माझा रागावण्याचा अधिकार त्या खोट्या सहीसोबत कपाटात पडला आहे.

मी पप्पांकडे गेले नाही. आधी पाळकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वडीलमंडळी जमली. माझ्यासारखीचं काय करायचं याचा नियम त्यांना सापडेना. कंपाउंडर म्हणाला, ताईंचं तारण जाऊच शकत नाही. पाळक म्हणाले, जाऊ शकतं, पण ताईंचं जाईल असं मनाला वाटत नाही. शेवटी ज्याच्या नावाची सही, त्यालाच विचारू, असं ठरलं. पाच माणसं त्याच्या खोलीत उभी राहिली, बसायला खुर्च्या दोनच.

पाळकांनी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा लावला, सावकाश वाचला आणि म्हणाला की सही आपली आहे. बहिणीचं वय झालं, तिला हल्ली भलतंसलतं वाटतं, तिला कोणी बोलू नये. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या केल्यात त्याही आपल्याच, हवं तर ताडून पाहा.

मी तिथेच म्हणाले की हा खोटं बोलतो आहे. कोणी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांसमोर खरं बोलत होते आणि ते माझ्याकडे कीव करून बघत होते. पाळकांनी मला वर जाऊन झोपायला सांगितलं. त्याचं नाव पटावर राहिलं. तुझं कमी झालं, त्याच बैठकीत, दोन मिनिटांत.

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं की जन्मात खोटं लिहून दिलं नाहीस, आज का. तो म्हणाला, माझं एकदा गेलं आहे, आता माझ्या खोटं बोलण्याने कोणाचं काही बिघडत नाही. तुझ्याकडे अजून आहे. तू सांभाळ. आणि किटली माझ्या हातातून काढून घेतली.

या रविवारी मी भाकर घेतली. कोणाचं खरं, पाळकांचं की आजोबांचं, हे मला आता सांगता येत नाही, आणि मी कोणाला सांगतही नाही. प्रार्थनेत तुझं नाव पूर्वीच्याच जागी घेते. त्यासाठी पट लागत नाही.

लोभ वाढवावा, आता तुझ्याकडूनही.
तुझी आत्या


२५ जुलै

चि. लेकीस,
आशीर्वाद. पुन्हा एका ओळीचं पत्र. सही माझीच असं म्हणालात ते फक्त आत्यासाठी का, असं विचारलंस. तुझ्या बॉयलरवाल्यांची मला दया येते.

बरंचसं तिच्यासाठी. तिला पाच माणसांसमोर उभं केलेलं बघवेना. थोडं जागेसाठी, ते नाकारत नाही. पण कागद हातात घेऊन मी वरचा मजकूर पुन्हा वाचला, खाली माझं नाव माझ्याच अक्षरात होतं, आणि क्षणभर असं वाटलं की ही सही मी केली असती तर किती बरं झालं असतं. तेवढाच क्षण. त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, त्याला विश्वास म्हणत नाहीत हे माहीत आहे.

तू नाव काढून घेतलंस ते योग्य केलंस. मला वाईट वाटलं, तेही योग्य आहे.

त्या क्षणाबद्दल आत्याला कळवू नकोस. ती आनंदाने कंपाउंडरला घेऊन येईल, आणि माझ्याकडे खुर्च्या दोनच आहेत.
तुझा पप्पा