मासा काढलेलं लाल कुलूप

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत आहे. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज पानं भरायला बसलोय, म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही.

तुझी खबर तुझी बायको वहिनीला देते. तू अजून प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी लिहून खिशात ठेवतोस. लेकीला, चिमीला, स्कूटरवर मागे बसवत नाहीस, "माझा मलाच भरवसा नाही" म्हणतोस. मला त्याबद्दलच बोलायचंय. पण जरा धीर गोळा करू दे.

आधी माझी फजिती ऐक. चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा तुझा दादा गेलं वर्षभर जिने चढत होता. हत्यारांची पिशवी खांद्यावर, नऊ नऊ मजले! लिफ्टचं दार लागलं की हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. लोक विचारायचे, "मिस्त्री, लिफ्ट बिघडलीय का?" मी म्हणायचो, "लिफ्ट ठीक आहे, मिस्त्री बिघडलाय."

सगळे हसायचे, वहिनी हसली नाही. तिनं फोनवर, व्हिडिओ कॉलनं समुपदेशन करणाऱ्या एक बाई शोधल्या. मी म्हटलं, मला काय वेड लागलंय? तर म्हणाली, "लिफ्टला दरवर्षी तपासणीचा दाखला हवा म्हणून लोकांशी भांडता, आणि स्वतःच्या डोक्याची पन्नास वर्षांत एकदाही तपासणी नको?" तयार झालो. तरी मी बाईंकडे आधी परवाना मागितला. त्यांनी न रागावता नंबर दिला. मी तो सरकारी यादीत पडताळला, मगच बसलो.

दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत, कामाच्या गाडीत, काचा वर करून. पहिल्या दिवशी अर्धा तास बाई माझं टक्कलच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दादा, फोन जरा खाली करता का?"

त्यांनी घाई केली नाही. आधी नुसतं उघड्या लिफ्टच्या दारात उभं राहायचं, मग एक मजला, मग दोन. एकदा त्यांचा आवाज कानाशी घेऊनच आत शिरलो. आत रेंज जाते हेच विसरलो! दार उघडलं तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर होतो, एकटा, घामाघूम आणि धडधाकट.

तुझ्या अपघाताचंही त्यांना सांगितलं होतं. भाऊ लिफ्टच्या मेन स्विचला कुलूप लावायला विसरला, त्याची दोन बोटं गेली, मला ते बघावं लागलं. सात गुरुवार हेच सांगितलं. आठव्याला त्यांनी विचारलं, "ते कुलूप दिसायला कसं होतं?" मी म्हटलं, "लाल. त्यावर भावानं पांढऱ्या रंगानं मासा काढला होता." त्या म्हणाल्या, "आणि त्या दिवशी ते कुठे होतं?"

मी फोन बंद केला. नेट गेलं म्हणून खोटंच कळवलं. पुढच्या गुरुवारी खरं बोललो. त्यांना सांगितलं तसंच तुला सांगतो.

आपला नियम तुला मीच शिकवला होता. कामाला उतरायच्या आधी मेन स्विच बंद करून त्यावर आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात, आणि जीव गेला तरी दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही. त्या दिवशी लिफ्ट बंद म्हणून खाली लोक ओरडत होते. मला वाटलं तू चहाला गेलास आणि कुलूप काढायचं राहिलं. हाक मारली नाही. माझ्याकडच्या जादा किल्लीनं तुझं कुलूप उघडलं आणि स्विच वर केला. लिफ्टच्या खड्ड्यातून तुझी किंकाळी ऐकली तेव्हा कुलूप माझ्या मुठीत होतं.

दवाखान्यात तू विचारलंस, "दादा, मी कुलूप लावलं होतं ना?" मी म्हटलं, "मला तर दिसलं नाही रे." चौकशीच्या कागदावरही तेच लिहिलं. तू मान खाली घातलीस आणि काम सोडलंस. मी तुला थांबवलं नाही, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं.

बाईंनी मला शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. एवढंच विचारलं, "हे ऐकायची गरज माझ्यापेक्षा जास्त कोणाला आहे?"

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. त्याची प्रत सोबत आहे. माझा परवाना राहील की जाईल, माहीत नाही. पण काल ऑफिसातून बाहेर पडलो आणि सातव्या मजल्यावरून लिफ्टनं खाली आलो, भिंत न धरता. बाईंबरोबरचे गुरुवार चालूच ठेवणार आहे.

पुडक्यात तुझं कुलूप आहे. गंजलं होतं, तेल दिलंय. मासा तसाच आहे. काम सोडताना तू परत दिलेली किल्ली आणि माझ्याकडची जादा, दोन्ही पाठवल्या आहेत, माझ्याकडे एकही ठेवली नाही. तू रागावशील, रागाव. उत्तर द्यायला सहा वर्षं घेतलीस तरी चालेल.

पण चिठ्ठ्या फेकून दे, बारक्या. चिमीला स्कूटरवर मागे बसव. तू काही विसरला नव्हतास.

तुझं कुलूप काढणारा,
तुझा दादा